बारा तारा आणि बिशपची नोंदणी

गॉर्डन टिंडल गिटार वाजवतो हे पेनरी गावातल्या सगळ्यांनी पाहिलं होतं. ऐकलं मात्र कुणीच नव्हतं.

यात त्याचा दोष नव्हता. गावाच्या नाचाच्या बँडमध्ये एक अकॉर्डियन होतं, ते फिलिपा वाजवायची. फिलिपा गावातली जनावरांची डॉक्टर. बैलाला इंजेक्शन देताना जे दंड कामी यायचे, तेच ती अकॉर्डियनवर वापरायची. त्या आवाजाखाली एखाद्या माणसाची सहा तारांची गिटार म्हणजे धबधब्याखाली कुणीतरी शिट्टी वाजवावी तसं. तरी गॉर्डन वर्षानुवर्षं मान डोलावत, पायानं ठेका धरत, अगदी मनापासून वाजवत आला होता. एका सरावाच्या वेळी त्यानं सहज विचारलं, "दुसऱ्या कडव्यात माझं जरा जास्त होतंय का?"

फिलिपा म्हणाली, "तू त्यात वाजवतोस?"

माणसाला राग येतो, तसा गॉर्डनला अभिमान येत असे. तो ताडकन उठला आणि म्हणाला, "कृषिमेळ्याच्या शनिवारी मी बारा तारांची गिटार घेऊन येईन. मग बघू कोण कुणाला ऐकतं ते."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्याकडे बारा तारांची गिटार नाही. पण तोवर फिलिपानं पाटीवर खडूनं लिहूनही टाकलं होतं: 'शनिवारचा नाच. खास आकर्षण, गॉर्डनच्या बारा तारा.'

घरी येऊन त्यानं मॅरियनला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं तेव्हा त्याचे कान लाल झाले होते, पण ते रागानं नव्हे. तो एकदम पंधरा वर्षांचा झाला होता. "अगं, प्रत्येक तारेला एक जोडीदार तार असते. एक बोट टेकवलं की दोन आवाज. एकटा माणूस वाजवतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं मागच्या खोलीतून आणखी कुणीतरी साथ देतंय."

"आणि एवढ्या तारा लावणार कोण?" मॅरियननं मटाराच्या शेंगा सोलता सोलता विचारलं.

"मीच."

"तुला आपल्या घड्याळाची वेळ लावता येत नाही, गॉर्डन. ऑक्टोबरात एक तास पुढे करायचं असतं, ते डिसेंबरपर्यंत मागेच असतं."

नवी गिटार घेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण छपराची दुरुस्ती नुकतीच झाली होती. तेव्हा वापरलेली घ्यायची, पण रास्त भावानं. या 'रास्त' शब्दावर गॉर्डनचा फार जीव होता. तो पेनरीच्या नगरपालिकेत कुत्र्यांच्या नोंदणीचा प्रमुख होता आणि आयुष्यात आपण कुणाला फसवलं नाही, कुणाकडून फसलो नाही, हे तो केस कापायला गेला तरी न्हाव्याला सांगत असे. रोज रात्री जेवण झालं की तो संगणकावर जुन्या गिटारींचे भाव बघत बसे. थोड्याच दिवसांत त्याला इतकं कळलं, की चांगल्या स्थितीतल्या बारातारीला सहाशे ते सातशे डॉलर हा रास्त भाव. त्याच्या वर गेलात तर तुम्ही मूर्ख, आणि फार खाली गेलात तर गिटार चोरीची.

हे शेजारच्या बेव्हन हॅलोरनला कळायला वेळ लागला नाही. बेव्हन निवृत्त होता. आयुष्यभर त्यानं मेंढ्यांचे लिलाव पुकारले होते. घासाघीस करायला न मिळाल्यामुळे निवृत्तीत त्याची तब्येत ढासळली होती. कुंपणावरून त्यानं डोकं काढलं तेच मुळी सल्ल्यासकट.

"तू एकटा जायचं नाहीस. तुझा चेहरा बघून भाव वाढतो."

"माझ्या चेहऱ्याला काय झालंय?"

"आनंद झालाय. घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर आनंद म्हणजे विकणाऱ्याच्या हातात कोरा चेक. मी बोलीन. तू फक्त मागे उभा राहून उसासे टाक."

पहिली गिटार शेजारच्या गावातल्या एका गॅरेजमध्ये होती. जाहिरातीत लिहिलं होतं, 'बारा तारा, उत्तम आवाज.' गेले तर मालकानं दोन सहातारी गिटारी सुतळीनं एकत्र बांधून पुढे ठेवल्या. "मोजा," तो म्हणाला. गॉर्डननं खरंच मोजल्या. बाराच होत्या. तक्रार करायला काही जागाच नव्हती. बेव्हननं तरीही सवयीनं दहा टक्के उतरवून मागितले, आणि गॉर्डननं त्याला दंडाला धरून गाडीत घातलं.

दुसरी एका बटाट्याच्या शेतावरच्या शेडमध्ये सापडली. ती खरी बारातारी होती, पण इतकी वर्षं शेगडीशेजारी उभी होती, की तिची मान धनुष्यासारखी वाकली होती. तारा आणि लाकूड यांच्यामध्ये गॉर्डनचा हात आरपार जात होता. "हिच्यावर बाण सोडता येईल," बेव्हन म्हणाला. शेतकऱ्याला ते लागलं. त्यानं दोघांनाही बटाटे विकत घेतल्याशिवाय फाटकाबाहेर सोडलं नाही. मॅरियननं पोतं पाहिलं आणि विचारलं, "याला किती तारा आहेत?"

मेळ्याच्या आठवड्यात गुरुवारी, गॉर्डन जवळजवळ हरला होता तेव्हा, वाण्याच्या दुकानातल्या फळ्यावर चिठी दिसली: 'बारा तारांची गिटार. नवऱ्याची. नवरा गेला. साडेसहाशे. हेस्टर स्प्राऊल, दीपगृह रस्ता.' त्यानं तिथूनच फोन लावला. पलीकडून म्हाताऱ्या पण खणखणीत आवाजात उत्तर आलं, "साडेसहाशे म्हणजे साडेसहाशे. चहा मात्र फुकट."

रास्त! अगदी रास्त! गॉर्डन दुकानाबाहेर फुटपाथवर चक्क एक गिरकी मारून आला.

हेस्टरबाईंचं घर समुद्राकडे तोंड करून उभं होतं आणि वाऱ्यानं त्याचा रंग एकाच बाजूनं उडाला होता. ऐंशीच्या पुढच्या या बाईंनी दार उघडलं, बेव्हनकडे पाहिलं, मग गॉर्डनकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू असं गेलं जसं कुणी पडदा ओढावा.

गॉर्डनला त्याचं काही वाटलं नाही, कारण त्याचं लक्ष गिटारीकडे होतं. ती सोफ्यावर, उशीला टेकून, एखाद्या पाहुण्यासारखी बसली होती. मधाच्या रंगाचं लाकूड, मान सरळ, कुठे चीर नाही. त्यानं ती मांडीवर घेतली. तारा उतरलेल्याच होत्या, तरी त्यानं अंगठा वरून खाली फिरवला आणि खोली भरून गेली. त्याच्या अंगावर काटा आला.

आणि घराच्या मागच्या बाजूनं कुणीतरी त्याच सुरात गळा काढला. "ऊऊऊऊ..."

हेस्टरबाई जोरात खोकल्या. "माझी बहीण. दमा आहे तिला."

गॉर्डननं पुन्हा एकदा तारा छेडल्या. बहिणीनं पुन्हा गळा काढला, आणि यावेळी पाठोपाठ दार ओरबाडल्याचा आवाजही आला.

"नखं वाढलीत तिची," हेस्टरबाई म्हणाल्या. मग त्यांनी चहाचा कप त्याच्यासमोर ठेवला, शेजारी नारळाचा केक ठेवला, आणि आवाज एकदम मऊ करून म्हणाल्या, "बाळा, साडेसहाशेचं काय एवढं. तू दीडशे दे."

बेव्हनच्या हातातून चमचा पडला. उभ्या आयुष्यात त्याच्यासमोर कुणी स्वतःहून, एका दमात, पाचशे खाली आलं नव्हतं. त्यानं टेबलाखालून गॉर्डनच्या नडगीवर बूट मारला. त्या लाथेचा अर्थ होता, 'घे!'

"पण बाई, फोनवर तर तुम्ही..."

"फोनवर मला कुठे ठाऊक होतं तू कोण आहेस ते? कुत्र्यांचा टिंडल ना तू?" हेस्टरबाईंनी एक डोळा मिचकावला. "तू मला समजून घे, मी तुला समजून घेते."

गॉर्डनच्या घशात केक अडकला. आत्ता त्याला उलगडा झाला. मागे बहीण नव्हती. मागे नोंदणी नसलेला कुत्रा होता, आणि समोर सोफ्यावर, मधाच्या रंगाची, बारा तारांची लाच होती.

या प्रसंगी दुसरा एखादा असता तर त्यानं केक गिळला असता आणि गिटारही. पण पालिकेच्या नियमावलीत एक कलम होतं: ज्याचं प्रकरण आपल्या खात्याकडे आहे, त्याच्याशी कर्मचाऱ्यानं प्रकरण मिटेपर्यंत खरेदीविक्री करू नये. हे कलम कुणी घातलं? गॉर्डननं. घालताना त्याला किती समाधान झालं होतं! त्या दिवशी त्यानं घरी आइस्क्रीम नेलं होतं.

"मी साडेसहाशेच देणार," तो घाईघाईनं म्हणाला, "आणि तेसुद्धा आज नाही."

"बरं, शंभर," हेस्टरबाई म्हणाल्या.

"साडेसहाशे!"

"ऐंशी. आणि हा उरलेला केक."

"बाई, तुम्ही उलट्या बाजूला चाललात!"

बेव्हनला हे बघवेना. त्यानं गॉर्डनला ओढत व्हरांड्यात नेलं. "अरे, तुझं डोकं फिरलंय का? तिच्या कुत्र्याची नोंद तुझ्या खात्यात आहे?"

"नाही, तोच तर गुन्हा आहे."

"नोंद नाही म्हणजे कागद नाही. कागद नाही म्हणजे प्रकरण नाही. प्रकरण नाही म्हणजे ऐंशी डॉलर. आत जा!"

हा युक्तिवाद इतका बिनतोड होता, की गॉर्डन क्षणभर दाराकडे वळलादेखील. आतून त्याला सोफ्याचा कोपरा दिसत होता. हात शिवशिवत होते. पण मग त्याच्या मनात आलं, की ही गिटार ऐंशीला घेतली तर शनिवारी प्रत्येक तार दोनदा वाजेल, आणि दुसऱ्यांदा वाजताना ती म्हणेल, 'कुत्रा, कुत्रा.' तो आत गेला आणि म्हणाला, "हेस्टरबाई, बहिणीला बाहेर आणा."

बहीण आली. ती म्हणजे अंगानं वासराएवढा, एक कान उभा, एक पडलेला, काळापांढरा कुत्रा होता. नाव बिशप. त्यानं गॉर्डनला हुंगलं आणि त्याच्या बुटावर डोकं ठेवून झोपून गेला.

"याला नेणार तू?" हेस्टरबाईंचा खणखणीत आवाज पहिल्यांदाच हलला. "हा आपणहून आला रे माझ्याकडे. नवरा गेला त्या हिवाळ्यात दारात येऊन बसला. कुणाचा काय, मला ठाऊक नाही. नोंद करायला आले आणि तुम्ही म्हणालात हा दुसऱ्याचा आहे, तर? म्हणून नाही आले."

 आपल्या खात्याला कुणी घाबरतं हे गॉर्डनला आवडायचं, पण ते असं नव्हे. तो म्हणाला, "उद्या फिलिपा तपासेल. कातडीखाली कुणा मालकाच्या नोंदीची चिप नसली, तर तो तुमचा. उद्याच्या उद्या नोंद होईल, मी स्वतः बरोबर येतो. मग मी साडेसहाशे देतो आणि गिटार नेतो."

"गिटारही बरोबर घेऊन चलायची," हेस्टरबाई पुन्हा खणखणल्या. "इकडे शिक्का, तिकडे गिटार. तुमच्या पालिकेचा मला भरवसा नाही."

शुक्रवारी दुपारी पेनरीच्या मुख्य रस्त्यावरून जी मिरवणूक निघाली, तिच्याबद्दल गाव पुढे बरेच दिवस बोलत होतं. पुढे हेस्टरबाई, डोक्यावर चर्चला जायची टोपी. मागे गिटार छातीशी धरून गॉर्डन, कारण तिची पेटी हेस्टरबाईंना सापडली नव्हती. त्याच्या मागे बिशपची दोरी धरलेला बेव्हन. वसंत ऋतू असल्यामुळे बेव्हननं सायकलचं हेल्मेट घातलं होतं आणि त्यावर प्लास्टिकच्या पट्ट्या काट्यांसारख्या उभ्या केल्या होत्या. या दिवसांत मॅगपाय पक्षी अंडी घालतात आणि जाणाऱ्यायेणाऱ्याच्या टाळक्यावर झडप मारतात.

फिलिपाच्या दवाखान्यात सगळं सोन्यासारखं पार पडलं. तिनं यंत्र फिरवलं, ते गप्प राहिलं. "कुणाचाच नाही," ती म्हणाली. "म्हणजे तुमचा." तिनं चिप टोचली, हेस्टरबाईंनी टोपी सारखी करण्याच्या निमित्तानं डोळे पुसले. मग फिलिपाची नजर गिटारीवर गेली. तिनं हळूच एका तारेला बोट लावलं आणि तिची भुवई वर गेली. गॉर्डनला वाटलं आपण जमिनीपासून चार बोटं वर चालतोय.

आणि नेमका बागेतून पालिकेकडे जाताना मॅगपाय आला.

तो बेव्हनच्या काटेरी हेल्मेटकडे बघून वळला आणि थेट गॉर्डनवर उतरला. गॉर्डननं गिटार वाचवायला तिच्यावर पाठीची कमान केली आणि त्याच अवस्थेत, कासवासारखा, गुलाबाच्या वाफ्यात शिरला. पक्षी परत आला. बिशपनं आपल्या नव्या मित्राचा अपमान पाहिला, एक हिसका दिला, आणि दोरी बेव्हनच्या हातातून निसटली. पुढे पक्षी, मागे बिशप. पक्षी पालिकेच्या छपरावर जाऊन बसला. बिशप पालिकेच्या दारापाशी पोचला, दार आपोआप उघडलं, आणि तो आत गेला.

बाकीचे धापा टाकत पोचले तेव्हा तो रांगेत पहिला होता.

खिडकीवर नोएलीन होती, गॉर्डनच्या हाताखालची. तिला कामाला गॉर्डननंच तयार केलं होतं आणि ती त्याची सर्वात मोठी कामगिरी होती, असं तो मानायचा. ती काचेतून म्हणाली, "मोकाट कुत्रा पालिकेच्या आवारात. दोरी कुणाच्या हातात होती?"

"याच्या," हेस्टरबाई आणि गॉर्डन एकदम म्हणाले.

बेव्हन पुढे सरसावला. डोळ्यांत जुनी चमक आली. "हे बघ पोरी, दंड किती आहे ते मला ठाऊक आहे. निम्म्यावर ये, आत्ता रोख देतो."

"पूर्ण," नोएलीन म्हणाली.

"पाऊण."

"पूर्ण. आणि हेल्मेट काढा, ओळख पटत नाहीये."

लिलावाचा तो जुना सिंह पूर्ण दंड भरून बाकावर जाऊन बसला आणि कितीतरी वेळ समोरच्या झाडाच्या कुंडीकडे बघत राहिला.

गॉर्डनला वाटलं, आता आपण साहेब म्हणून मदत करू. तो नेहमीसारखा खिडकीच्या बाजूच्या दाराकडे वळला. "तुम्हाला आत येता येणार नाही, गॉर्डन," नोएलीन म्हणाली. "तुमचा अर्जदाराशी या गिटारीचा व्यवहार ठरलाय ना? कलम तुमचंच आहे. तुम्ही पलीकडे उभे राहा." आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा गॉर्डन टिंडल आपल्याच खिडकीच्या चुकीच्या बाजूला, केसांत गुलाबाच्या पाकळ्या घेऊन उभा राहिला.

"जात?"

"अर्धा मेंढपाळी, अर्धा... अंदाजे..."

"अंदाजे चालत नाही. तुम्हीच शिकवलंत."

"अगं, मग 'मिश्र' लिही!"

"मिश्र म्हणजे कशाकशाचं, ते लिहावं लागतं. हेही तुम्हीच..."

गॉर्डनला त्या क्षणी जितका पश्चात्ताप झाला तितकाच अभिमानही वाटला. मागे रांग वाढत गेली. रांगेतला प्रत्येक जण बिशपकडे निरखून पाहून आपापलं मत देऊ लागला. कुणी म्हणालं शेळी. शेवटी मागून फिलिपाच धावत आली. हेस्टरबाई आपला चष्मा दवाखान्यात विसरल्या होत्या, तो घेऊन. तिनं डॉक्टरकीच्या अधिकारात दोन जाती ठणकावून सांगितल्या, ज्यांतली एक, गॉर्डनच्या मते, तिनं तिथल्या तिथे तयार केली. शिक्का पडला. खिडकीचा पडदा खाली आला.

पालिकेच्या पायऱ्यांवर गॉर्डननं साडेसहाशे हेस्टरबाईंच्या हातात ठेवले. त्यांनी ते दोनदा मोजले आणि म्हणाल्या, "तू भला माणूस आहेस. जरा खुळा आहेस, पण भला आहेस." गिटार छातीशी घेऊन तो घरी जवळजवळ पळतच गेला.

शनिवारी सभागृह खच्चून भरलं होतं. मेळ्यातली माती बुटांवर घेऊन आलेले शेतकरी, बक्षिसाची फीत अजून गळ्यात असलेल्या केकवाल्या बायका, सगळे. गॉर्डन व्यासपीठावर कोपऱ्यात बसला आणि तारा लावू लागला. सहा लागल्या की आधीच्या सहा उतरायच्या. पहिला नाच झाला, तो तारा लावत होता. दुसरा झाला, तो तारा लावत होता. तिसऱ्याच्या मध्यावर एक बारीक तार टणकन तुटून फिलिपाच्या केसांत जाऊन अडकली.

"अकरा," ती न थांबता म्हणाली. "पुरेत. चल आता!"

मग चौथा नाच सुरू झाला, फिलिपानं सूर धरला, आणि गॉर्डननं हात सोडला.

अकॉर्डियनच्या त्या धबधब्यातून काहीतरी चमकत वर आलं. जणू कुणी सभागृहाच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. नाचणारे वळून पाहू लागले. मॅरियन चहाची किटली हातात धरून जागच्या जागी थांबली, मग तिनं किटली खाली ठेवली, बाकावर खिन्न बसलेल्या बेव्हनला कॉलर धरून उठवलं आणि नाचायला ओढलं. फिलिपानं गॉर्डनकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा भाता थोडा आवरला. गॉर्डनची बोटं सोलवटत होती आणि त्याला ते कळत नव्हतं. त्याला फक्त एवढंच कळत होतं की आपण ऐकू येतोय.

नाच संपला तेव्हा त्याचं लक्ष गेलं: हेस्टरबाई नाचणाऱ्यांच्या मधोमध एकट्याच उभ्या होत्या. त्या नाचून आल्या होत्या हे त्यांच्या लाल झालेल्या गालांवरून दिसत होतं. त्या व्यासपीठापाशी आल्या आणि गिटारीच्या लाकडावर त्यांनी तळवा टेकवला, जसा कुणाच्या तरी खांद्यावर ठेवावा.

गॉर्डनला वाटलं, आता ह्या रडणार. 

"माझा नवरा तालाच्या नेहमी मागे राहायचा," हेस्टरबाई म्हणाल्या. "आणि तू पुढे पळतोस. पन्नास वर्षं मी थांबत थांबत नाचले, आज धावत धावत. पुन्हा वाजव बघू. आणि जरा दमानं."

गॉर्डननं मान हलवली, श्वास घेतला, अगदी दमानं सुरुवात केली, आणि चौथ्या मात्रेला पुन्हा पळत सुटला. हेस्टरबाईंनी झगा दोन्ही हातांनी उचलला आणि त्या त्याच्या मागे धावल्या.